अर्धा सूर खाली

संगीत विभागाच्या येऊ घातलेल्या मैफलींची पोस्टरं जिन्यापासून थेट स्वच्छतागृहाच्या दारापर्यंत लागली होती. एक वृंदगानाची, एक पितळी वाद्यांची, मग आमची तंतुवाद्यांची आणि शेवटी निवडक विद्यार्थ्यांची. सत्र संपत आलं की आमचा विभाग असा लगीनघाईला येतो. माझ्यासारख्या व्हायोला (व्हायोलिनची थोरली बहीण) वाजवणाऱ्याचं नाव पोस्टरवर कधीच नसतं, त्यामुळे मी ती वाचायच्या भानगडीत पडत नाही. पण यंदा तिसऱ्या पोस्टरवर आमच्या टिटवीचं नाव ठळक अक्षरांत होतं, आणि जिना चढताना ते दिसलं की मी नजर दुसरीकडे वळवायचो.

टिटवी म्हणजे माझी भाची, बायकोच्या धाकट्या बहिणीची मुलगी. तान्ही असताना घर डोक्यावर घ्यायची म्हणून हे नाव मीच ठेवलं, आणि ती पुढे गायला लागली तेव्हा सगळ्यांनी मला द्रष्टा ठरवलं. विद्यापीठात प्रवेश मिळाल्यापासून ती आमच्याकडेच राहते. तिचे आईवडील दुसऱ्या गावी असतात. आम्हाला मूल नाही, आणि बायकोचा तिच्यावर किती जीव आहे हे सांगायला बसलो तर मैफल राहील बाजूला.

बायको विभागात पियानोची साथ करते. कोणाचंही गाणं असो, कोणतीही पट्टी असो, ती समोरच्या कागदावर एक नजर टाकते आणि वाजवते. कागदावर एका पट्टीत लिहिलेलं गाणं दुसऱ्या पट्टीत वाजवणं म्हणजे तिच्या हातचा मळ. तिच्या या कौशल्याचं मला फार कौतुक होतं. होतं म्हणतो, कारण पुढे सगळं त्यातूनच उपटलं.

माझी खोली तिच्या तालमीच्या खोलीला लागून आहे. मला एक खोड आहे, कुठलाही सूर ऐकला की तो नावानिशी कळतो. लोक याला देणगी म्हणतात. लिफ्टची घंटा पियानोच्या पांढरी तीन आणि पांढरी चार या पट्ट्यांच्या मधोमध वाजते हे ज्याला दिवसभर कळत राहतं, त्याला विचारा देणगी म्हणजे काय. तर एका सकाळी भिंतीपलीकडून टिटवीचं गाणं आलं आणि मी हातातला चहा खाली ठेवला. त्या गाण्याचा शेवटचा उंच सूर म्हणजे वरच्या सप्तकातली पांढरी सहा. भिंतीतून येत होती तिच्या शेजारची काळी चार. आख्खं गाणं अर्धा सूर खाली चाललं होतं, आणि टिटवी शेवटच्या सुरावर पोचून आनंदाने हसत होती.

त्या संध्याकाळी मी बायकोला विचारलं. ती भाजी निवडत होती, तशीच निवडत राहिली. म्हणाली, हो, गेले काही आठवडे असंच चाललंय, आणि टिटवीला माहीत नाही.

हे का, ते मला वेगळं सांगायची गरज नव्हती. गेल्या वर्षी टिटवीच्या घशात गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली, मग लांबलचक मौन, मग हळूहळू स्वर लावणं. डॉक्टरांनी घसा बरा झाल्याचं सांगितलं, पण घसा बरा होणं वेगळं आणि घशावरचा विश्वास बरा होणं वेगळं. छडीवाल्यांनी, म्हणजे आमच्या विभागप्रमुखांनी (वाद्यवृंदाचं संचालनही तेच करतात, म्हणून हे नाव), तिला तिसऱ्या मैफलीत एकल गाणं दिलं आणि बजावलं की यात आवाज टिकला तर गायनाची जागा राहील, नाहीतर पुढच्या वर्षी तिने संगीतशास्त्राच्या शाखेत जावं. माणूस दुष्ट नाही. गळ्याची हेळसांड नको म्हणून बोलले. पण टिटवीला संगीतशास्त्र म्हणजे पोहणाऱ्याला काठावर बसवून पाण्यावर निबंध लिहायला लावण्यासारखं.

पहिल्याच तालमीत त्या उंच सुरावर तिचा आवाज फाटला होता. ती भिंतीकडे तोंड करून रडली आणि म्हणाली की संपलं सगळं, मी नाव काढून घेते. दुसऱ्या दिवशी बायकोने काही न बोलता पट्टी अर्धा सूर खाली घेतली. टिटवीला सूर लागला. ती उड्या मारत घरी आली.

"म्हटलं, दोन दिवसांनी गुपचूप वर नेईन," बायको म्हणाली. "एकदा नेलीही. पहिल्याच ओळीला तिचा आवाज जरा खरखरला आणि माझा धीर सुटला. परत खाली आणली."

मी म्हटलं की मैफलीतही तूच पियानोला असशील ना, मग तिथेही खालीच वाजव, कोणाला कळतंय. ती म्हणाली, तसंच ठरवलंय. आणि मी, कानांचा एवढा तोरा मिरवणारा माणूस, मूग गिळून बसलो. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मी स्वतःला समजावलं.

मग छडीवाल्यांना कल्पना सुचली. मोठ्या माणसांना कल्पना सुचल्या की लहानांची झोप उडते. त्यांच्या एका विद्यार्थ्याने त्या गाण्याच्या पियानोच्या साथीची तंतुवाद्यांसाठी रचना केली होती, आणि ती इतकी छान उतरली होती म्हणे की टिटवीचं गाणं आता पियानोऐवजी पूर्ण तंतुवृंदाबरोबर होणार होतं. पट्टी अर्थातच मूळचीच. सगळ्या वादकांच्या स्टँडवर कागद येऊन पडले. माझ्याही.

बायको छडीवाल्यांच्या खोलीत जाऊन आली. तिने सुचवून पाहिलं की मुलीला पियानोची सवय झाली आहे, ऐनवेळी बदल नको. छडीवाल्यांनी हसून सांगितलं की मुलगी मोठी झाली, तुमचा पदर सोडू द्या आता. पट्टी उतरवून मागायची तर कारण सांगावं लागणार, आणि कारण सांगितलं की टिटवीची जागा गेलीच. इकडे आड, तिकडे विहीर. घरी आल्यावर बायको म्हणाली की वृंदाच्या तालमीत आपोआपच कळेल तिला, आपण मध्ये पडायला नको.

पण तिथेही नशिबाने दगा दिला. आमच्याकडची एक रीत आहे. मैफल जवळ आली की वृंदाच्या तालमीत एकल गायकाने पूर्ण आवाजात गायचं नाही. गळा राखायचा. खालचे सूर हलकेच गुणगुणायचे आणि उंच सूर आले की ते खालच्या सप्तकात म्हणून मोकळं व्हायचं. मग टिटवीसारखी शस्त्रक्रिया झालेली मुलगी तर गळा राखणारच. ती उभी राहिली, हाताने ताल धरला, उंच सुराची जागा आली तेव्हा तो खाली बसवून टाकला आणि छडीवाल्यांकडे पाहून मान डोलावली. त्यांनीही डोलावली. मी व्हायोलाच्या आडून बघत होतो.

तालीम संपल्यावर ती माझ्या खुर्चीपाशी आली. म्हणाली, काका, तंतुवाद्यांबरोबर गाणं किती झळझळीत वाटतं ना, पियानोबरोबर एवढं नाही वाटत. मी वाद्याच्या पेटीत गज ठेवतोय असं दाखवत खाली बघत राहिलो आणि म्हणालो, हो, तारांचं तसंच असतं.

रंगीत तालमीलाही तेच झालं.

मैफलीच्या दिवशी दुपारी टिटवी तिच्या खोलीत वाफ घेत बसली होती आणि आम्ही दोघं स्वयंपाकघरात दार लोटून कुजबुजत भांडत होतो. कुजबुजत भांडणं फार वाईट. आवाज चढवता येत नाही म्हणून शब्द चढतात. मी म्हणत होतो की तिला आत्ता सांग. अर्धा सूर म्हणजे डोंगर नाही, डॉक्टरांनी हिरवा कंदील दिलाय, ती पोचेल. निदान माहीत असताना तरी जाऊ दे.

"माहीत झालं की ती पोचणार नाही," बायको म्हणाली. "तुला गायकांचं काही कळत नाही. घशाच्या आधी डोकं घाबरतं. तिला वाटतंय की रोज पोचते, म्हणून आजही पोचेल."

"आणि नाही पोचली तर? रोज जमणारा सूर ऐन मैफलीत फुटला, म्हणजे गळाच गेला असं वाटेल तिला. आयुष्यात परत तोंड उघडणार नाही ती."

बायकोने गॅस बारीक केला. मग ती म्हणाली की तू सांगितलंस तर मी तुझ्याशी बोलणार नाही, आणि हे तिने अशा आवाजात म्हटलं की मी बाहेर जाऊन व्हायोलाच्या तारा पुसत बसलो. इतक्या वर्षांच्या संसारात तिने मला हजार धमक्या दिल्या असतील, त्यातली ही पहिली खरी होती.

सभागृह गच्च भरलं. आमची, म्हणजे व्हायोलांची जागा उजव्या कडेला, विंगेला चिकटून. सुरुवात पियानो आणि तंतुवाद्यांच्या एका रचनेने झाली, ती बायकोने नेहमीप्रमाणे चोख वाजवली. त्यानंतर टिटवीचं गाणं. दोहोंच्या मध्ये वाद्यं परत जुळवून घ्यायची, आणि पियानो रंगमंचावर असला की आम्ही त्याच्याच पांढरी सहावर तारा लावतो. तेव्हा बायकोने तो एक सूर द्यायचा, उठायचं आणि विंगेत जायचं, एवढंच काम उरलं होतं.

विंगेत टिटवी येऊन उभी राहिली. गडद निळा पोशाख, केस वर बांधलेले, ओठ घट्ट मिटलेले. माझ्याकडे बघून तिने भुवई उडवली. मीही उडवली. माझी पाचावर धारण बसली होती.

बायकोने सूर दिला.

काळी चार.

सभागृहाला काय कळणार. पण आमच्या सगळ्यांचे गज हवेत थबकले. पुढच्या खुर्चीवरच्या मुख्य व्हायोलिनवादक बाईंनी चष्म्यावरून पियानोकडे पाहिलं. बायको स्वतःच्याच बोटाकडे बघत होती, ते दुसऱ्या कोणाचं असावं तसं. तिने हे मुद्दाम केलं, सगळ्यांच्या तारा खाली उतरतील या वेड्या आशेने, की आठवडेच्या आठवडे हे गाणं म्हटलं की तिचं बोट तिथेच पडायचं म्हणून तिथेच पडलं, हे तिला आजही सांगता येत नाही. मला वाटतं, सवयीने पडलं. इतक्या तयारीच्या साथीदाराच्या हातून पट्टी चुकते ती एवढ्याच कारणाने. बाई हलकेच म्हणाल्या, परत द्या. तिने पांढरी सहा दिली. दोन-चार जण हसले. गज तारांवर आले आणि सगळीकडून तो खरा सूर उठला.

मी विंगेकडे पाहिलं. टिटवी हसत नव्हती. तिने मान किंचित कलती केली होती, ओळखीचं माणूस नको त्या ठिकाणी दिसल्यावर आपण करतो तशी. आठवडेच्या आठवडे ती ज्या सुरावर जाऊन पोचत होती, आणि ज्याला आपला सगळ्यात उंच सूर म्हणत होती, तोच आत्ता चूक म्हणून वाजला होता. ती दोन पावलं पुढे आली, माझ्या खुर्चीमागे वाकली.

"काका, मावशी माझं गाणं त्या काळीवरून वाजवायची?"

बायको पियानोवरून उठून पलीकडच्या विंगेत निघाली होती. छडीवाले येऊन उभे राहिले होते आणि टाळ्या सुरू झाल्या होत्या. खोटं बोलायला एक क्षण पुरतो, पण मला तो सापडला नाही. मी मान हलवली. हो.

तिचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं ती आता मागच्या मागे पळून जाणार, आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला तेच बरं वाटलं असतं. पण छडीवाल्यांनी तिच्या दिशेने हात केला आणि ती चालत गेली. पाठ ताठ होती. पियानोच्या रिकाम्या स्टुलाशेजारून जाताना तिने तिकडे पाहिलं नाही.

गाणं सुरू झालं. सुरुवातीच्या ओळी तिने जपून घेतल्या, फार जपून. छडीवाल्यांची भुवई वर गेलेली मला दिसली. मी वाजवत होतो, पण माझे कान माझ्या वाद्यात नव्हतेच. प्रत्येक ओळीला मी मनात म्हणत होतो, अर्धा सूर, फक्त अर्धा सूर. मधल्या कडव्यात आवाज थोडा मोकळा झाला. पलीकडच्या विंगेत बायको दोन्ही हातांनी पडदा धरून उभी होती. तिला मला काय सांगायचं होतं कोण जाणे, तिचे ओठ हलत होते.

मग ती जागा आली. सगळी तंतुवाद्यं थांबतात आणि आवाज एकटाच वर चढतो. टिटवीने श्वास घेतला. इतका खोल की मला ऐकू आला. आणि ती चढली. काळी चारपाशी, जिथे रोज संपायचं, तिथे ती क्षणभर अडली. तिथून वर गेली तेव्हा आवाजाची कड खरखरली, फाटणार, आता फाटणार असं वाटलं, आणि फाटला नाही. उघडला. पांढरी सहा, भरीव, स्वच्छ, कुठेही न हलणारी. मी माझ्या पुढच्या स्वराला उशीर केला. व्हायोलाचा उशीर कोणाला कळत नाही, हा आमच्या वाद्याचा एकमेव फायदा.

टाळ्या बराच वेळ चालल्या. छडीवाल्यांनी तिला तीनदा परत बोलावलं आणि विंगेत आल्यावर तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले की पुढच्या वर्षी गायनाला भेटू. म्हणजे जागा राहिली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बायको धावत आली आणि तिने हात पसरले.

टिटवी त्या हातांत शिरली नाही.

"आत्ताचा तरी खरा होता का?" तिने विचारलं.

बायको म्हणाली, खरा होता, अगं, पूर्ण खरा. टिटवीने माझ्याकडे पाहिलं. "की तुम्ही सगळ्यांनी मिळून तारा उतरवल्या होत्या?"

मी म्हटलं की वेडी आहेस का, पांढरी सहा होती, मला कळतं. ती म्हणाली, तुम्हाला तर आधीपासूनच सगळं कळत होतं काका. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे मी स्वतःलाच तेव्हा सांगायला हवं होतं.

लोक बाहेर पडल्यावर ती एकटीच रंगमंचावर परत गेली. आम्ही मागोमाग गेलो. पियानो उघडाच होता. बायको सवयीने स्टुलाकडे वळली, तशी टिटवी म्हणाली, "मावशी, तू नको हात लावूस." बायको जागच्या जागी थांबली.

टिटवीने मधल्या सप्तकाच्या पट्ट्या मोजल्या. पहिलीच्या वर्गातलं मूल मोजतं तसं, बोट ठेवत ठेवत. एक पांढरी, दोन, तीन, सहापर्यंत. दाबली. सूर रिकाम्या सभागृहात पसरला. तिने तोंड उघडलं आणि एक सप्तक वर तोच सूर लावला, उभा, लांब. परत पट्टी दाबून पाहिली. तंतोतंत होता. बायकोने माझा दंड इतका घट्ट धरला की तो दोन दिवस दुखत राहिला.

टिटवी आमच्याकडे वळली. ती रडत नव्हती, हे जास्त वाईट होतं.

"रोज तालीम संपली की तू म्हणायचीस, बघ, लागला की नाही. आणि मी खाली उतरून आईला फोन करायचे. आई, आजही लागला. आई, परवापेक्षा सोपा लागला." ती थांबली. "आता तिला काय सांगू? कुठला लागला होता?"

बायकोने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मला माहीत होतं ती काय म्हणणार. तुझ्यासाठीच केलं, तू मोडून पडली असतीस. सगळं खरंच होतं ते.

"तुला वाटलं मला नाहीच जमणार," टिटवी म्हणाली. "फक्त तुलाच वाटलं. मला तर रोज जमत होतं."

मग तिने पियानोचं झाकण लावलं, पोशाखाचा घोळ उचलला आणि पायऱ्या उतरताना सांगितलं की शेवटच्या, निवडक विद्यार्थ्यांच्या मैफलीतल्या तिच्या गाण्याची तालीम सोमवारी आहे, साथीला ती दुसऱ्या कोणालातरी विचारणार आहे. आवाज चढवून नाही, साध्या आवाजात. बायको हो म्हणाली. मग ती स्टुलावर बसली, हात मांडीवर ठेवून, आणि मी तिच्याजवळ उभा राहिलो, कारण दुसरं काय करायचं ते मला सुचत नव्हतं.